पडवीतला पावना

१

दर गुरुवारी सकाळी किरणची मोटरसायकल महाडहून निघायची. पोलादपूरच्या स्टँडजवळ थांबून तो काकासाठी तंबाखूची पुडी आणि काकीसाठी टोस्टचा पुडा घ्यायचा, आणि वळणं चढत कुडपणच्या पठारावर जायचा. तिथं गावापासून जरा बाजूला, कड्याच्या अंगाला भागोजीकाका आणि साळूकाकीचं कौलारू घर होतं. पोटी मूल नव्हतं. दोन गाई, थोड्या शेळ्या, नाचणीचं शेत, आणि आल्यागेल्याशी पोटभर गप्पा. एवढ्या भांडवलावर दोघं म्हातारी मजेत होती.

"पुतण्या असावा तर असा," असं पठारावरचा जो तो म्हणायचा.

पठाराला काय ठाऊक! किरण महाडात जमिनीची दलाली करायचा. काकाच्या घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की अख्खी दरी पायाखाली उलगडायची, आणि मुंबईची एक पार्टी ती दरी बघून पार वेडी झाली होती. त्यांना तिथं रिसॉर्ट काढायचं होतं. त्यांचा महाडातला माणूस रितेश रोज किरणला फोन करायचा. किरण रोज म्हणायचा, "झालंच समजा."

होत मात्र काहीच नव्हतं. "महाडात माझ्याजवळ येऊन राहा," असं किरणनं किती वेळा सांगितलं. काकाचं उत्तर ठरलेलं.

"आमी खपलो की मंग काय ता कर रे बाबा."

आणि दोघंही खपायचं नाव घेत नव्हती. साळूकाकी अजून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढण चढायची, वर गाणं म्हणत.

तसा किरण काही दुष्ट नव्हता. पण घाईत असलेला माणूस दुष्टाच्या घराशेजारीच राहायला असतो.

२

किरणची बायको अमिता रहस्यकथांची मोठी वाचक. वाचनालयातून पुस्तक आणायची आणि शेवटची पानं आली की भाजी करपली तरी उठायची नाही. किरण तिला चिडवायचा.

"काय गं, पकडला का चोर?"

"चोराला कोणी पकडत नाही हो," अमिता म्हणायची. "त्यानं केलेली युक्तीच त्याला पकडते. दर वेळी तेच होतं, तरी वाचताना मजा येते."

किरण हसायचा. त्याच्या मते हे पुस्तकातले बदमाश मूर्ख होते. बेत करायचा आणि त्यात दुसऱ्या माणसाला घ्यायचं. तो दुसरा माणूस फुटतो आणि सगळं उघडं पडतं. म्हणून किरणनं जेव्हा स्वतःचा बेत आखला तेव्हा पहिला नियम ठरवला. यात दुसरा माणूस नको.

बेत अगदी साधा होता. पठारावर कुणाच्या घरी जाताना कोणी दार वाजवत नाही. अंगणाच्या कडेला उभं राहायचं आणि घसा खाकरायचा. आतल्या माणसानं "कोन हाय?" म्हणायचं, मग पुढं व्हायचं. आता समजा, रोज भर दुपारी, गाव सुस्तावलेलं असताना, पडवीत कोणीतरी खाकरलं. बाहेर येऊन बघावं तर कोणी नाही. रोज. म्हातारी माणसं किती दिवस टिकतील?

किरणनं बाथरूमचं दार लावून स्वतःचाच घसा खाकरून रेकॉर्ड केला. मोबाईलमधल्या एका अॅपवर तो आवाज खोल केला, विहिरीतून आल्यासारखा. मग एक जुना मोबाईल घेतला, त्याला छोटा स्पीकर जोडला, दुपारचा अलार्म लावला आणि अलार्मच्या जागी ते खाकरणं घातलं. पुढच्या गुरुवारी वानरांनी सरकवलेली कौलं नीट करायच्या निमित्तानं पडवीवरच्या माळ्यावर चढला, बल्बच्या वायरीतून कनेक्शन घेतलं आणि सगळं वाशामागं दडवून खाली उतरला.

"किती करतोस रे आमच्यासाठी!" साळूकाकी म्हणाली, आणि तिनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

३

मधला एक गुरुवार त्यानं मुद्दाम चुकवला. भीतीला मुरायला वेळ दिला. नंतर गेला तो दोघांची तोंडं उतरलेली असतील, गाठोडी बांधून ठेवलेली असतील, या हिशेबानं.

पडवी नुकतीच सारवलेली होती. भिंतीला टेकून नवी घोंगडी अंथरलेली होती. घोंगडीशेजारी घासून लखलखीत केलेला तांब्या, त्यावर पेला, आणि बशीत गुळाचा खडा.

"कोणी येणार आहे का काकी?"

"येनार कशाला? रोजच येतोय की!" साळूकाकी उत्साहानं म्हणाली. "दुपारचा पावना. आधी मी घाबरले हो. म्हनलं, ह्यो कोन खाकरतो आनि दिसत नाय? मंग ह्ये बोलले, अगो, जो खाकरून येतो तो भला मानूस. चोर कधी खाकरतो काय?"

भागोजीकाका तंबाखू मळत मान डोलवत होता.

"दिसतो का तुम्हाला?" किरणनं विचारलं.

"आमची नजर आता कुठं हाय रे! आनि पावन्याला टक लावून बघू नये. आमी पानी ठेवतो, गूळ ठेवतो, आनि आतनं बोलत बसतो."

"तो बोलतो?"

"ऐकतो," काका म्हणाला. "ऐकनारा मानूस मिळतो काय आजकाल? तू तरी बसतोस काय घडीभर?"

किरणला हसू आवरेना. बाहेर खाकरणारं यंत्र आणि आत बडबडणारी म्हातारी! पण तेवढ्यात काकी सहज म्हणाली, "पानी पिऊन पेला पालथा घालून जातो बघ. रीतीचा हाय."

"पाणी पितो?"

"मंग? तांब्या रिकामा असतो की."

परत उतरताना किरणनं याचा नीट विचार केला. पाणी वानरं पीत असतील. पण वानर पेला पालथा घालत नाही. मग काका असणार. काकाला पहिल्यापासून चेष्टेची खोड. म्हातारीला बरं वाटावं म्हणून पीत असेल गुपचूप. हे पटलं. आणखी एक गोष्ट मात्र पटत नव्हती. निरोप घेताना काकी म्हणाली होती, "येताना एकदा खाकरतो, जाताना एकदा. आनि जाताना खाकरतो ना, तवा आवाज कसा मोकळा असतो."

रेकॉर्डिंगमध्ये खाकरणं एकदाच होतं.

घाटाच्या मधल्या वळणावर त्याला कारण सापडलं. अलार्म कोणी बंद केला नाही तर थोड्या वेळानं पुन्हा वाजतोच की! किरणचा जीव भांड्यात पडला. दरीत काटेसावर लालभडक फुलली होती. तो शीळ घालत पोलादपुरात उतरला.

४

किरणचा फ्लॅट चवदार तळ्यापासून जवळच, तिसऱ्या मजल्यावर होता. इमारतीत निम्मी बिऱ्हाडं एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांची. कोण केव्हा जिना चढेल आणि कोण केव्हा झोपेल, याचा नेम नसायचा.

एका संध्याकाळी तो दारात पोचला तर अमिता वाफाळता चहा घेऊन उभी.

"वा! आज काय विशेष?"

"जिन्यात खाकरलात ना मघाशी. म्हटलं आलात, म्हणून टाकला."

किरण जिन्यात खाकरला नव्हता. पण चहा फर्मास होता. कोणीतरी पाळीवरून आलेला खाकरला असेल, असं म्हणून त्यानं तो पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग रोजच. तो यायच्या जरा आधी जिन्यात कोणीतरी खाकरायचं, अमिता गॅस पेटवायची, आणि किरण आला की चहा तयार. नवराबायकोचं या काळात छान जमलं. "तुमची चाहूल आता मला बरोब्बर कळते हं," असं ती लाजून म्हणायची, आणि तो तिची समजूत मोडायचा नाही.

एक दिवस मात्र चहा मिळाला नाही.

अमिता कणीक मळत होती. तिनं मागं वळून पाहिलं आणि ती दचकली. "अहो, तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"बाहेर? मी आत्ता येतोय."

"चेष्टा पुरे. मघाशी नाही का आलात? दार उघडंच होतं. खाकरलात, चपला काढल्यात आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झालात. मी पाठमोरी होते. चहा उशाशी आणून ठेवला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होतात."

"मी काही बोललो?"

अमिता पिठाच्या हातानं केस मागं सारत हसली. "'दमलीस का गं?' म्हणालात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

किरण आतल्या खोलीच्या दाराशी गेला. पडदा ओढलेला होता. पंखा मंद फिरत होता. बाहेरून रिक्षाचा, पोरांचा, भाजीवाल्याचा नेहमीचा आवाज येत होता. पलंगावर कोणी नव्हतं. चादर मधोमध दबलेली होती, एका कुशीवर झोपणाऱ्या माणसाएवढी. उशाशी कप होता. रिकामा. बशीत पालथा घातलेला.

त्यानं उशीवर हात ठेवला आणि लगेच मागं घेतला.

उशी ऊबदार होती.

उन्हानं, त्यानं स्वतःला सांगितलं. पण त्या खोलीला पश्चिमेची खिडकी नव्हती. ऊन तिथं सकाळी यायचं.

५

दुसऱ्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी तो दुपारी पठारावर गेला. ते यंत्र काढून कड्यावरून फेकून द्यायचं, बास. रिसॉर्टचं पुढं बघू. मोटरसायकल लांब चिंचेखाली लावली आणि तो घराकडे चालत गेला. काका-काकी मागच्या अंगाला शेळ्यांपाशी होती, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. किरण खाकरला नाही. हळूच पडवीत शिरला, शिडी लावली आणि माळ्यावर चढला.

वाशामागं हात घातला तो बोटांना सुकी माती लागली.

स्पीकरच्या तोंडावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. चांगलं मोठं, भरभक्कम. त्याला भोकंही पडली होती. म्हणजे आतली पिल्लं मोठी होऊन केव्हाच उडून गेली होती. वायर उंदरानं कुरतडून दोन ठिकाणी तोडली होती. मोबाईल फुगून मधोमध उकलला होता.

हे यंत्र बंद पडून कित्येक दिवस झाले होते. कदाचित ते पहिल्या दिवसापासूनच मुकं असेल.

आणि नेमकं तेव्हाच खाली पडवीत कोणीतरी खाकरलं.

खोल केलेला आवाज नव्हता तो. साधा, रोजचा, किरणचा घसा होता.

"आलास काय रे बाबा? बस, बस," मागच्या दारानं आत आलेल्या साळूकाकीचा आवाज आला.

माळ्याच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. किरण धुळीत पालथा पडला होता, डोळा अगदी त्या फटीजवळ. न बघण्यासाठी त्याला फक्त डोळा मिटायचा होता. तेवढं त्याला जमलं नाही.

आधी घोंगडीवर एक गुडघा दिसला. मग तांब्याकडे गेलेला हात. मग, पाणी प्यायला माणूस जरा पुढं वाकला तेव्हा, डोकं. काळे, तेल लावलेले केस, आणि मागच्या बाजूला भोवऱ्याजवळ विरळ झालेली गोल जागा. स्वतःचं डोकं वरून कोण कधी बघतं? पण त्याच आठवड्यात महाडच्या सलूनवाल्यानं मागं आरसा धरून किरणला ती जागा दाखवली होती. "शेठ, इथं जरा सांभाळा," असं म्हणाला होता.

खालचा माणूस काहीतरी सांगू लागला. हळू, थांबत थांबत, खाली मान घालून. शब्द कळत नव्हते. काका-काकी आत ऐकत होती. मग भागोजीकाका जो हसत सुटला, तो थांबेचना. काकीही हसायला लागली. खालचं ते डोकंही हसताना हलत होतं.

मग ते हलायचं थांबलं. सावकाश, वर काही आहे का बघावं तसं, ते मागं कलू लागलं. कपाळ दिसलं. भुवया दिसल्या.

किरणनं डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा घोंगडी रिकामी होती. पेला पालथा होता. अंगणाच्या पलीकडून, मोकळ्या आवाजात, कोणीतरी खाकरलं.

तो फुगलेला मोबाईल मुठीत तसाच धरून तो शिडीवरून कसा उतरला त्याचं त्याला कळलं नाही. काका पडवीत येत होता. धुळीनं माखलेल्या किरणला पाहून त्यानं त्याला कडकडून मिठी मारली.

"आनलास काय खाली तो मोबाईल? मर्दा, तुझ्या तोंडानं कबूल केलंस, लय बरं केलंस!"

"काय... काय कबूल केलं मी?"

"आता लाजतोस कशाला रे!" डोळे पुसत साळूकाकी म्हणाली. "तुझाच तर आवाज. बोललास ना, काकी, मीच यंत्र लावलं, तुमाला घालवायला. जागा विकायची नाय आता. पार्टीलाबी सांगून आलो बोललास. आमी किती हसलो! इतके दिस गूळ खायाला घातला तो पावना म्हंजे आमचा किरणच!"

किरणनं तोंड उघडलं. तो मी नव्हतो, असं म्हणावं, तर मग कोण होता? आणि हातात तो फुटका मोबाईल घेऊन म्हणायचं? मीच होतो, असं म्हणावं, तर सगळा बेत आपल्या हातानं पुरल्यासारखा. दोघंही म्हातारी इतक्या प्रेमानं त्याच्याकडे बघत होती.

"होय काका," तो म्हणाला. "मीच तो."

घाटात रेंज आल्याबरोबर त्यानं रितेशला फोन लावला.

"अहो, सकाळीच तर येऊन सांगून गेलात," रितेश म्हणाला. "तिथं माणसं आनंदानं राहतायत, दुसरी जागा बघा, म्हणालात. साहेबांनी दुसरीकडे बोलणी सुरू पण केली."

"रितेश, तू मला पाहिलंस?"

"म्हणजे काय, पाहिलं की. दारात उभे होतात. बाहेरचं ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून तोंड नीट दिसलं नाही, एवढंच."

६

भागोजीकाकानं ही गोष्ट पठारभर सांगितली. लोक हसले, आणि किरणची किंमत वाढली. चूक कबूल करणारा दलाल कोणी पाहिला होता!

त्यानंतर किरणचे दिवस चांगले आले, असंच म्हणायला हवं. बाजारात सोनाबाई भाजीवाली त्याला थांबवून म्हणाली, "बांधावरनं दिरांचं भांडान मिटवलंत, देव भलं करो." किरण तिच्या बांधावर कधी गेलाच नव्हता. कोर्टाच्या आवारात एक अनोळखी म्हातारा त्याच्या पाया पडला. अमिता तर फुलासारखी टवटवीत झाली होती. संध्याकाळी तळ्याकाठी फिरताना तुम्ही किती छान बोलता हो, असं ती म्हणायची. किरणला ते फिरणं आठवायचं नाही.

पहिले काही दिवस तो घाबरला. मग त्यानं जुन्या सवयीनं मार्ग काढला. दुसऱ्याच्या मालावर दलाली खाणं त्याला नवीन नव्हतं. कोणी आभार मानले की तो हात जोडायचा आणि म्हणायचा, "त्यात काय एवढं!"

फक्त हळूहळू त्याला करायला काही उरेना. जिथं जावं तिथं काम आधीच झालेलं. बोलायला जावं तर बोलून झालेलं. तो लवकर निघू लागला, गाडी दामटू लागला. पोचावं तर समोरचा म्हणायचा, "पुन्हा आलात? काही राहिलं का?" पुढं पुढं लोक तेही विचारीनात. त्याच्याकडे जरा परक्या नजरेनं बघायचे, चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसं.

अशाच एका संध्याकाळी, दिवेलागणीला, तो जिना चढून घराशी आला. दार आतून लावलेलं होतं. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता. तळलेल्या माशाचा वास दरवळत होता. अमिता खळखळून हसत होती, कुणाच्या तरी बोलण्यावर.

किरणनं हाक मारायला तोंड उघडलं. नाव ओठांवर येईना. नुसता घसा खाकरला गेला.

आतलं हसू थांबलं.

"अहो, बघता का जरा?" अमिता म्हणाली. "दारात कोणीतरी आलंय वाटतं."

"बस गं तू, जेव गरम गरम. मी बघतो."

आवाज प्रेमळ होता. तिच्याशी असं बोलायला हवं होतं, हे किरणला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. पाट सरकल्याचा आवाज झाला. अनवाणी पावलं दाराकडे येऊ लागली, सावकाश, स्वतःच्या घरात चालावीत तशी. किरण दोन पायऱ्या खाली उतरून भिंतीला चिकटून उभा राहिला.

आतली कडी वर उचलली गेली.

आता दार उघडेल, समोरचा माणूस अदबीनं विचारील, आणि काहीतरी उत्तर द्यावं लागेल. किरण घाईघाईनं आठवू लागला. आपण कोणाकडे आलोय म्हणून सांगायचं?